कसं ओळखलंस?

४ फेब्रुवारी

ठमे,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, मग शेजारीण भिंतीवर थापा मारते, आणि तू आपली ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतेस. गेल्या खेपेला मी म्हणालो गुडघा धरलाय, तू म्हणालीस छान झालं. त्यापेक्षा पत्र बरं.

कसा आहेस म्हणून विचारलंयस. वाईट आहे. उगीच खोटं कशाला सांगू? तुझी वहिनी जाऊन सात महिने झाले. छापखान्यातली नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी मुद्रितं तपासायची खोड गेलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. पेपरात चूक सापडली की मी मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि ती आतून ‘हो का’ म्हणायची. तिला ऱ्हस्व-दीर्घाशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण ‘हो का’ म्हणायची. आता चूक सापडते आणि मी तिच्यावर बोट ठेवून बसून राहतो. सहा दिवस हे असं चालतं.

सातव्या दिवशी, रविवारी दुपारी तीन ते सहा, शिंप्याच्या दुकानात आमचा पोकरचा अड्डा. अकरा वर्षं चाललाय. कापड बेतायचं मोठं टेबल आहे ना त्याचं, त्यावर. आम्ही चौघं. शिंपी, म्हणजे तुझ्या लेकीच्या लग्नात माझा कोट ज्यानं शिवला तो, माझा सगळ्यात जवळचा. दुसरे मास्तर, जन्मभर गणित शिकवलं आणि अजून थांबत नाहीत. तिसरा कोपऱ्यावरचा कापडवाला. त्याच्याकडून सुटाचं कापड घेतलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तो शिंप्याकडे धाडतो, शिंप्याचं घर त्यावरच चालतं. आणि चौथा मी, गावचा बकरा. प्रत्येकी एका चहाचे पैसे, त्याची शिंप्याच्या डब्यातली वीस बटणं. पाच पत्ते वाटायचे, नको असतील ते एकदा बदलून घ्यायचे, मग बटणं लावायची. जो जिंकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. म्हणजे श्रीमंत कोणी होत नाही.

मास्तरांनी एक नियम घालून दिलाय, त्याला आम्ही कबुली म्हणतो. एखाद्यानं दुसऱ्याची थाप पकडली आणि कोणी विचारलं ‘कसं ओळखलंस?’ तर खरं सांगायचं. लपवायचं नाही. खेळातून शिकायला मिळालं पाहिजे म्हणे. अकरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, कारण मी कधी काही ओळखलेलंच नाही.

आता मुद्द्याचं. परवा मी नुसत्या दोन पंज्यांवर जिंकलो. शिंप्यानं पत्ते टाकून दिले. पिसायला म्हणून मी पत्ते गोळा केले, तर त्यानं टाकलेल्यात तीन राण्या! तीन राण्या हातात असताना माणूस पत्ते टाकतो? माझी बायको गेली म्हणून मला बटणं देतायत, ठमे. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

मला दयेचं काही नको. हरलो तर हरलो, पण मला शिकव. तू म्हणे नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांना नागवायचीस.

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

‘म्हणे’ काय? नागवायचेच. दोन डॉक्टर माझ्या नादानं पत्ते सोडून भजनाला लागले.

तुझं काय चुकतं ते मी इथे बसून सांगते. तू प्रत्येक डाव खेळतोस. हो ना? पाच पत्ते आले की तुला वाटतं आलोच आहोत तर बसू. लग्नाच्या पंक्तीला बसल्यासारखं. अरे, दहातले सहा डाव मुकाट टाकून द्यायचे असतात. वाईट पत्ते आले, टाक. बरे आले आणि समोरचा अंगावर आला, तरी टाक. लोक हसतील, हसू दे. दुसरं, कोण किती पत्ते बदलतो ते मोज. तीन बदलले तर त्याच्याकडे फक्त जोडी होती. एक बदलला तर तो कशाच्या तरी जवळ आलाय, किंवा आलाय असं दाखवतोय.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे मान वर कर. स्वतःचे पत्ते बघायला किती वेळ लागतो? बघायचे आणि पालथे ठेवायचे. मग माणसं बघायची. मी तीस वर्षं वॉर्डात हेच केलं. पेशंट म्हणतो बरं वाटतंय, आपण बघायचं त्यानं चादर कशी धरलीय. तुला तर चुका शोधायचा पगार मिळत होता. एक वही कर. माणशी एक पान. काही ठरवून टाकू नकोस, फक्त दिसेल ते लिही.

शिंप्यावर रागावू नकोस रे. तीन राण्या टाकणारा मित्र कोणाला मिळतो? पण तुझंही खरं आहे, मीही रागावले असते.

जेवत जा. जावई विचारत होते तुला इकडे आणायचं का म्हणून. तू येणार नाहीस हे मी त्यांना सांगून टाकलंय.

ठमी

१० मार्च

ठमे,

चार रविवारांत तीनदा मी चहा पाजला! ऐकतेयस का? म्हणजे वाचतेयस का?

पहिल्या रविवारी मी सलग सात डाव टाकले. मास्तर म्हणाले, ‘उपास आहे का?’ कापडवाला म्हणाला, ‘मौन आहे.’ मी ढिम्म. आठव्याला तीन एक्के आले आणि दोघांची मिळून अठरा बटणं ओढली. मास्तरांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

वही झालीय. मास्तरांचं पान सोपं. चांगले पत्ते आले की ते चष्मा पुसतात, कारण त्यांना शांत दिसायचं असतं. कापडवाला थाप मारताना जास्त बोलतो, गिऱ्हाईक पटवल्यासारखा भाव सांगत सुटतो.

शिंप्याचं पान मात्र भरत चाललंय, आणि हा खरा अभ्यास आहे. एक तर त्याचा चेहरा. पूर्वी हा माणूस खळखळून हसायचा, आता दगड. जिंकू दे, हरू दे, कापडवाल्यानं विनोद करू दे, काही हलत नाही. डोळेसुद्धा मिटत नाहीत फारसे. मला वाटतं गेल्या वर्षभरात त्यानं घरी आरशासमोर बसून कमावलाय हा चेहरा. मला हेवा वाटतो. मीही न्हाणीघरात प्रयत्न केला, पण मला माझंच हसू येतं.

पण हात त्याला फसवतो! उजव्या हाताच्या अंगठ्याखाली कायम एक बटण असतं, ते तो बोटावर गोल गोल फिरवत असतो. बरे पत्ते असले की हळू. थाप मारत असला की जोरात. मी बारा वेळा टिपून ठेवलंय, त्यातले दहा बरोबर. दहा! प्रेसमध्ये एवढा अचूक मी कधी नव्हतो.

आणखी एक, त्याचं अक्षर बारीक होत चाललंय. मापाच्या चिठ्ठ्या मी टेबलावर बघतो ना. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटाकडे मुंगी. हे पोकरमध्ये कुठे बसतं ते कळलं नाही, पण तू म्हणालीस दिसेल ते लिही, म्हणून लिहिलं.

दोन दिवस झोप चांगली लागली.

दादा

२१ मार्च

दादा,

शाब्बास. तीनदा चहा म्हणजे फारच झालं, तुझं पेन्शन पुरेल ना?

शिंप्याबद्दल आणखी थोडं बघून कळव. पत्त्यांच्याच दृष्टीनं. बटण नेहमी उजव्याच हातात का? तो उठून चहा सांगायला जातो तेव्हा चालताना दोन्ही हात हलतात का? खुर्चीतून उठायला वेळ लागतो का? आवाज पूर्वीसारखा आहे का? वासाचं काही लक्षात आलंय का तुझ्या? हे सगळं माणूस ओळखायला उपयोगी पडतं.

आणि हे त्याचं गुपित सध्या तुझ्या वहीतच ठेव. कबुलीत सांगून टाकलंस तर तो सावध होईल आणि तुझा हुकमाचा पत्ता जाईल.

बाकी ठीक. कानाचं मशीन बदललं, आता आवाज येतो पण सगळ्यांचा एकदम येतो.

ठमी

२ एप्रिल

ठमे,

तू पोचलेली आहेस! वासाचं तुला कसं सुचलं? परवा इस्त्रीखाली अस्तर करपलं. आम्ही तिघं नाकं धरून उठलो आणि हा शांतपणे पत्ते वाटतोय. मास्तर म्हणाले, ‘अहो, दुकान पेटलंय.’ तेव्हा कुठे वळून बघितलं. ह्याला म्हणतात एकाग्रता.

बाकीची उत्तरं. उजवाच हात. चालताना डावा हलतो, उजवा अंगाशी धरलेला असतो. उठायला वेळ लागतो, टेबलाला रेटा देतो, पण आम्हीही काही तरुण नाही. आवाज बसलाय, पुटपुटतो. मी मुद्दाम ‘काय?’ म्हणतो, कारण दोनदा बोलावं लागलं की माणूस गडबडतो. हे मी स्वतः शोधलंय.

आता ह्यातून काय निष्कर्ष निघतो ते लवकर कळव. मी रविवारची वाट बघत असतो, ठमे. किती दिवसांनी कशाची तरी वाट बघतोय.

दादा

२७ एप्रिल

ठमे,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. बरी आहेस ना? पोस्टमनला मी दोनदा हटकलं, तो आता मला बघून सायकल दुसरीकडून काढतो.

इकडे एक घोटाळा झालाय. मला नीट समजत नाहीये, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

१२ तारखेचा रविवार. शिंप्यानं एकच पत्ता बदलला आणि सगळी बटणं लावायला लागला. मास्तरांनी टाकले, कापडवाल्यानं टाकले. माझ्याकडे दोन गुलाम, दोन पंज्या. तो चेहऱ्यानं दगड. अंगठ्याखालचं बटण भिरभिरतंय. मी बटणं वाढवली, तशी शेवटी त्याच्याकडे तेवढं एकच उरलं, तेही त्यानं मधे सरकवलं. आणि ठमे, हात तसाच फिरत राहिला! बटण नाही, काही नाही, नुसता अंगठा बोटावर फिरतोय. मी म्हटलं, दाखव. चार बदाम आणि एक काळी चव्वी, पाचवा बदाम आलाच नव्हता. हातात काही म्हणजे काही नव्हतं.

कापडवाला उडालाच. म्हणाला, ‘अहो, कसं ओळखलंत?’

तू सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. पण नियम तो नियम. आणि नियमाचं तरी कशाला पुढे करू, मला सांगायचंच होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी विचारलं होतं. मी उठून त्याच्या हातावर बोट ठेवलं, चूक दाखवतो तसं, आणि म्हणालो, ‘हे बघा! बटण संपलं तरी गडी फिरवतोच आहे! अजून चालू आहे, बघा बघा!’

सगळे हसले. मास्तर हसले, मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शिंप्यानं हात टेबलाखाली घेतला. मग मला दिसलं की कापडवाला हसायचा थांबलाय आणि टेबलाखाली वाकून बघतोय. शिंपी म्हणाला, ‘उद्या लवकर काम आहे.’ साडेचारला दुकान बंद केलं. चहासुद्धा झाला नाही.

१९ ला गेलो, शटर खाली. काल गेलो, शटर खाली. मधे मंगळवारी कापडवाला शिंप्याच्या दुकानातून कापडाचे तुकडे काखेत मारून निघताना दिसला. मला बघून रस्ता ओलांडला. दोघांचं काही वाजलं असावं. पण शिंप्यानं एका डावासाठी एवढं लावून घ्यावं? मी अकरा वर्षं हसं करून घेतलं, मी कधी शटर ओढलं?

काहीतरी लिही गं.

दादा

५ मे

दादा,

बसून वाच.

शिंप्याला कंपवात झालाय. मला मार्चमध्येच कळलं, तुझ्या दहा तारखेच्या पत्रावरून. बटण, चेहरा, बारीक होणारं अक्षर. असे पेशंट माझ्या वॉर्डात वर्षानुवर्षं होते. तो चेहरा त्यानं कमावलेला नाही, चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. अंगठा-बोट असं फिरतं ते बंद करता येत नाही, म्हणून तो बटण धरून बसायचा, की लोकांना वाटावं खेळतोय. पत्त्यांच्या दृष्टीनं म्हणून जे प्रश्न विचारले ते खात्री करायला विचारले. या आजारात वासही येईनासा होतो; इस्त्रीचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

तू बारातले दहा बरोबर ओळखलेस तेही खरं आहे. मनावर ताण आला की तो कंप वाढतो.

मग सांगितलं का नाही? तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तुझी बायको गेल्यापासून तुझं एक पत्र हसरं आलं होतं. मला वाटलं, अजून चार रविवार जाऊ देत. तीस वर्षं लोकांना वाईट बातम्या दिल्या, तुला द्यायचा धीर झाला नाही. म्हणून ‘गुपित ठेव’ असं पत्त्यांच्या भाषेत लिहिलं. सरळ ‘तो आजारी आहे, गप्प बस’ असं लिहायला हवं होतं. एवढी एक ओळ. ती लिहिली नाही, हा माझा दोष आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तीही आता लपवत नाही. हा कंप हात नुसता ठेवलेला असताना येतो. हात कामाला लागला की बहुतेक थांबतो. तो कात्री धरत असेल, सुई धरत असेल, तेव्हा हात स्थिरच असणार. औषधं घेतली तर अजून काही वर्षं तो शिवू शकला असता. कापडवाल्यानं कापड परत नेलं असेल तर ते त्यानं पत्त्यांच्या टेबलावर जे पाहिलं त्यावरून नेलं, शिलाई बघून नाही.

मला क्षमा कर असं म्हणत नाही. कापडवाल्याला जाऊन हे सांग. लवकर जा.

ठमी

२९ मे

ठमे,

पत्र मिळालं. पंधरा दिवस तुला लिहावंसं वाटलं नाही.

तू चूक बघितलीस आणि मजकूर तसाच पुढे जाऊ दिलास. आमच्याकडे असं करणाऱ्याला घरी पाठवायचे. आणि मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मला तुझा राग येतो, मग माझा येतो, मग दोन्हीचा कंटाळा येतो.

कापडवाल्याकडे गेलो होतो. तू लिहिलंस ते सगळं सांगितलं, हात कामात स्थिर असतो, औषधं असतात, नर्स आहे माझी बहीण. त्यानं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, ‘कळतं हो मला. पण गिऱ्हाईक माझ्या भरवशावर कापड देऊन जातं. उद्या एखादा कोट बिघडला तर?’

मी म्हटलं, ‘त्यानं आजवर एक तरी कोट बिघडवलाय का?’

‘नाही.’

‘मग?’

‘अहो, तुम्हीच तर दाखवलंत,’ तो म्हणाला.

खुर्ची दिली होती त्यानं. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो.

मास्तर म्हणतात आपण तिघं मिळून दुसरीकडे बसू. मी त्यांना घरातून जवळजवळ हाकलून दिलं. वही फाडली. पत्तेही टाकून दिले. शिंप्याकडे जायची हिंमत होत नाही.

दादा

३० जून

ठमे,

दुकान गेलं. पाटी उतरवली, शिलाईची मशिनं कोणीतरी घेऊन गेलं. ते बेतायचं टेबल दोन दिवस रस्त्यावर पडून होतं, दारातून निघेना म्हणून पाय कापले त्याचे. मला ते बघवेना. त्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. अजून थांबलो असतो तर गेलोच नसतो.

त्याच्या बायकोनं दार उघडलं. वहिनी मला नेहमी ‘या भावोजी’ म्हणतात. म्हणाल्या. त्यात काही कमी नव्हतं, आणि तेच मला जड गेलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, आणि आता तो लपवायचा नाही म्हणून उघडाच फिरत होता.

मी खूप जुळवून गेलो होतो. तिथे गेल्यावर सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, ‘मला माहीत नव्हतं रे.’

‘कसं असणार? मी सांगितलंच नव्हतं,’ तो म्हणाला. दीड वर्षापूर्वीच कळलंय त्याला. दर महिन्याला कापड आणायला म्हणून परगावी जायचा, तो डॉक्टरकडे जायचा. घरात फक्त वहिनींना माहीत. मुलगी घेऊन जातेय दोघांना तिच्याकडे, पुढच्या महिन्यात. दोन खोल्या आहेत तिच्या, त्यातली एक देणार.

मी म्हटलं, ‘तुझं काम माझ्यामुळे गेलं.’

‘कधीतरी जायचंच होतं.’

‘पण आज नसतं गेलं.’

‘आज नसतं गेलं,’ तो म्हणाला.

हे त्यानं कसं म्हटलं ते मला सांगता येत नाहीये. कसंच म्हटलं नाही. दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.

मग मी विचारलं, ‘माझ्यावर राग आहे?’

‘नाही.’

‘खरंच?’

‘नाही रे. राग कशाचा?’

चेहऱ्यावर काही नव्हतं. ठमे, मी त्याच्या समोर अर्धा तास बसलो आणि त्या अर्ध्या तासात मी त्याच्याकडे जेवढं बघितलं तेवढं आयुष्यात कोणाकडे बघितलं नसेल. भुवई नाही, ओठ नाही, डोळे नाहीत. आवाज सपाट. हाताकडे बघितलं, तर हात सारखाच फिरतोय, माझ्यासाठी फिरतोय की आजारासाठी ते कोण सांगणार. ‘बस, चहा घे’ हेही तो तसंच म्हणाला आणि ‘राग नाही’ हेही तसंच. निघताना दारात मी वहिनींना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘भावोजी, हल्ली ते सगळं असंच बोलतात.’

त्याला राग असेल तर मला चालेल. असला पाहिजेच. शिव्या दिल्या असत्या तर मी तिथेच त्याच्या पायाशी बसून घेतल्या असत्या. आणि नसेल, त्यानं खरंच मनातून सोडून दिलं असेल, तर मला ते कळायला हवंय. दोन्हीतलं काही एक मला मिळू दे. रात्रंदिवस मी ते एकच ‘नाही’ ऐकतोय आणि कधी ते खरं वाटतं, कधी दाराबाहेर काढल्यासारखं.

तू तीस वर्षं ह्या लोकांत काढलीस. तुम्हा नर्सेसना काहीतरी खूण ठाऊक असेलच. असा माणूस राग नाही म्हणतो, तेव्हा तो खरंच नसतो की असतो, हे कशावरून ओळखायचं? मला एवढंच सांग, बाकी काही लिहू नकोस.

दादा

८ जुलै

दादा,

नाही ओळखता येत.

आमच्या वॉर्डात एक बाई रोज डबा घेऊन यायच्या. नवऱ्याला हाच आजार, तुझ्या मित्राच्या बराच पुढे गेलेला. रोज मला विचारायच्या, ‘सिस्टर, मी आलेली यांना आवडते का हो?’ मी रोज सांगायचे, ‘आवडते ना, डोळ्यांत दिसतं त्यांच्या.’ त्या खूश होऊन जायच्या. डोळ्यांत काही दिसत नव्हतं, दादा. मला पुढचा पेशंट बघायचा होता म्हणून मी सांगायचे. सहा वर्षं सांगितलं. तुलाही तसंच लिहावं म्हणून कागद घेऊन बसले होते, की नर्सेसना कळतं, त्याच्या मनात काही नाही, तू निश्चिंत राहा. दोन ओळी लिहिल्याही, आणि खोडल्या. एकदा तुझ्यापासून लपवलं, तेवढं पुरे झालं.

कुठलीच खूण नाही. वर्षानुवर्षं शेजारी झोपणाऱ्या बायकांना कळत नाही, आम्हाला काय कळणार? तो चिडला असेल. नसेलही. तो जे म्हणाला तेवढंच तुझ्याकडे आहे, आणि ते खरं की खोटं हे आता फक्त त्याला ठाऊक.

ते जाईपर्यंत त्याच्याकडे जाऊन बसत जा. पण पुन्हा विचारू नकोस. तू दहा वेळा विचारशील, तो दहा वेळा नाही म्हणेल, आणि दर वेळी तू असाच घरी येशील.

ठमी